नोरीनबाईंचं सेवापुस्तक

आमच्या शेजारचे गुल्हाने काका एका अमेरिकन नटीचं सेवापुस्तक ठेवतात. थट्टा नाही. सरकारी नोकराचं असतं तसंच, जाड पुठ्ठ्याचं. पहिल्या पानावर फोटो, जन्मतारीख, उंची, ओळखखूण आणि पुढे नोकरीभरच्या नोंदी. नटीचं नाव नोरीन हॅलबर्ट. काका आडनाव आधी लिहितात, कारण कार्यालयात तशीच पद्धत आहे.

नेर तालुक्याच्या पंचायत समितीत काकांनी तीस-बत्तीस वर्षं शिक्षकांची सेवापुस्तकं सांभाळली. मी शाळेत शिकवते, तेव्हा माझंही त्यांच्याच हातून गेलेलं. तालुक्यातली माणसं ते चेहऱ्यापेक्षा पहिल्या पानावरून ओळखतात. मी शेजारी राहायला आले त्या दिवशी नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, त्यांनी माझा हात पाहिला आणि म्हणाले, "उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. तुम्ही कन्या शाळेच्या मॅडम."

नोरीनबाई त्यांना भेटल्या त्या निवृत्तीनंतर, दुपारच्या टीव्हीवर. हिंदीत डब केलेली मालिका होती आणि बाई तीत दवाखान्याच्या मुख्य परिचारिका. पहिला भाग पाहून काका दुसऱ्या दिवशी माझ्या दारात हजर. "मॅडम, या बाईची प्रथम नियुक्ती कवाची, तुमच्या फोनात पाहा बरं." त्यांचा फोन बटणांचा. तेव्हापासून नोंदी शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि ते मी कपाळाला आठ्या घालून करत आले.

प्रथम नियुक्ती: साबणाची जाहिरात. परिविक्षा काळ, म्हणजे उमेदवारी: तीन भुताचे चित्रपट, तिन्हींत पहिल्या अर्ध्या तासात मृत्यू. मग एका चित्रपटात नायिका, मग टीव्हीवर बदली. "बदली विनंतीवरून का प्रशासकीय?" काकांनी विचारलं. मला काय माहीत! पुढे बाई नायिकेची आई झाल्या, तेव्हा ही पदोन्नती धरायची की पदावनती, यात काकांचा आठवडा गेला. बाईंची तीन लग्नं झाली, पण एकाही नवऱ्याचं आडनाव पुस्तकात चढलं नाही. राजपत्र पाहिल्याशिवाय काका नाव बदलत नाहीत.

"नोंद नाही त माणूस नाही," हे त्यांचं पालुपद. दूधवाल्यालाही ते हेच ऐकवतात.

ती मालिका संपली आणि गाडी अडली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, बाईंचं कुठे काम नाही. मुलाखत नाही, आजारपण नाही, मृत्यूची बातमीही नाही. काका रोज सकाळी फाटकाशी उभे. "काही लागलं काय?" नाही म्हटलं की चेहरा उतरायचा. "सेवेत खंड पडून राह्यला, मॅडम. खंड असा उगाच नाही पडत. घरी कायतरी झालं का पडते." त्यांचं जेवण तुटलं. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. जेवा म्हणणार कोण? अमेरिकेतल्या फिल्म कंपनीला त्यांनी स्पीड पोस्टानं स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं, मग दोन पाठवलं. मला त्यांची काळजी वाटायला लागली. एकदा वैतागून मी खोटंच सांगितलं, "काका, त्या निवृत्त झाल्या."

"आदेश क्रमांक?"

मी पुन्हा फोनात शोधायला लागले.

मग एका रविवारी दुपारी बाई माझ्या फोनात सापडल्या. एका नव्या मालिकेत खाटेवरची आजी, दीड मिनिटाचं काम. केस पिकलेले, गाल बसलेले. खाली नाव होतं म्हणून मी ओळखलं. तशीच शेजारी धावले. काका खूश होतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि सेवापुस्तक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "आधी ओळख पटवा. पहिलं पान."

ते पान मी कधी नीट वाचलं नव्हतं. ओळखखूण: डाव्या भुवईत जुना व्रण. मी फोनवर बाईंचा चेहरा मोठा केला. भुवई साफ. तरुणपणचे फोटो काढले, तिथेही काही नाही.

"काका, बाईंच्या भुवईत व्रण नाही. आधीही नव्हता."

काकांनी पुस्तक आपल्याकडे ओढून त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सुशीच्या होता," ते म्हणाले. "माही लहान बहीण. माह्याच हातून विटी लागलती तिले."

मग एकेक निघत गेलं. सुशीला एकोणिसाव्या वर्षी झाडीपट्टीतल्या एका फिरत्या नाटक मंडळीसोबत निघून गेली. वडिलांनी रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायचं ठरवलं. "हस्ताक्षर माहं चांगलं. बाबानं मले अर्ज लिहाले लावला अन् म्या लिहिला. एक खाडाखोड नाही त्या अर्जात." टीव्हीवरची ती परिचारिका ट्रे घेऊन वळली ती सुशीसारखीच मान तिरपी करून. साम्य एवढंच. पुस्तकातलं बाकी सगळं अमेरिकेचं होतं, तो एक रकाना भरताना मात्र काकांचा हात घरी गेला होता.

"कुठे असते ती?"

"मारेगावचा एक मास्तर सांगे, तिथं एक म्हातारी नाटकाचे कपडे शिवते, भुवईत खूण हाय म्हणून. सहा वर्षं झाले."

"मग अजून गेला का नाहीत?"

काकांनी पुस्तक मिटलं. "नोंद नाही त माणूस नाही, असं जिंदगीभर म्हणत आलो, मॅडम. तिची नोंद मिटवली कोणं?"

मला रडू आलं आणि रागही आला. सहा वर्षं पत्ता माहीत असून एका परक्या बाईची चिंता करत बसलात, आणि बहीण यवतमाळच्या पुढे दोन-तीन तासांवर, असं मी त्यांना सरळ सुनावलं.  मग त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, लाल शाईनं व्रणाची नोंद कापली, बाजूला सही केली. नोरीनबाईंची दीड मिनिटं लिहिली आणि पुढे शेरा मारला: सेवाखंड क्षमापित. म्हणजे मधली गैरहजेरी माफ.

"आणि तुमची?" मी विचारलं.

"तो अधिकार मले नाही. तिले हाय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही सकाळच्या गाडीनं निघालो. यवतमाळला गाडी बदलली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मांडीवर पेढ्यांचा डबा होता. अख्ख्या तालुक्याच्या खुणा पाठ असलेला हा माणूस दर पाच मिनिटांनी मला एकच विचारत होता, "मॅडम, व्रण बुजत त नाही ना, वय झाल्यावर? मले ओळखू येईन ना?"

शेवटी मी बाही मागे सारून उजवं मनगट त्यांच्यापुढे धरलं. पाच वर्षांची असताना चुलीशी भाजलेलं, डाग अजून तसाच. काकांनी चष्मा पुसून तो पाहिला, आणि मारेगाव येईपर्यंत माझं मनगट सोडलं नाही.