लिफ्ट नाकारणारा नायक

तपासनीसांनी शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायचं ठरवलं, आणि एवढ्याशा गोष्टीतून पुढचं सगळं महाभारत घडलं.

दार कुरकुरत होतं हे खरं. पण ते कित्येक वर्षं कुरकुरत होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. अडायला लागलं ते बायको बाहेरच्या खोलीत तो भुताखेतांचा खेळ खेळायला लागल्यापासून. टीव्हीवर काहीतरी दबक्या पावलांनी यायचं, नेमकं त्याच वेळी दार कुरकुरायचं, आणि तपासनीसांच्या हातातून चहाचा कप सुटायचा. (घरात आता धड कप दोनच उरले होते, आणि पाहुणे आले की नवराबायको चहा नुकताच झाला असल्याचं सांगत.) म्हणून त्यांनी तेल घातलं. चांगलं सढळ हाताने घातलं. बिजागरीला जेवढं हवं होतं तेवढं तिने घेतलं, बाकीचं फरशीवर सोडलं, आणि थोड्या वेळाने बायको त्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. दुपारपर्यंत हात प्लास्टरमध्ये.

दुसऱ्या कुठल्या बाईचं मनगट मोडलं असतं तर घरात पोळ्यांची अडचण झाली असती. इथे अडचण वेगळी होती. पन्नाशी ओलांडलेली ही बाई एका साप्ताहिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायची. मुलगी नोकरीसाठी दूर गेली तेव्हा खेळाचं यंत्र घरी ठेवून गेली होती. आईने ते आधी पुसून ठेवलं, मग सुरू करून पाहिलं, आणि मग पाहता पाहता त्यात अशी काही पारंगत झाली की वाचक तिला 'सर' म्हणून पत्रं पाठवू लागले. तपासनीसांना बायकोच्या या विद्येबद्दल मनातून फार आदर होता. फक्त ती काय करते हे त्यांना अजिबात कळत नव्हतं. ते स्वतः सरकारी खात्यात इमारतींच्या लिफ्टा तपासायचे, आणि जे दोन दोरांवर लटकत नाही त्याच्यातलं त्यांना फारसं काही कळत नसे.

सोमवारी संध्याकाळपर्यंत परीक्षण द्यायचं होतं. एरवी एखादा आठवडा चुकला असता तर चाललं असतं. पण संपादकांनी मागच्याच महिन्यात अत्यंत गोड शब्दांत सुचवलं होतं की एक तरुण मुलगा सदरासाठी फार उत्सुक आहे, त्याची बोटं भराभर चालतात, आणि बाईंना कधी विश्रांती घ्यावीशी वाटली तर त्यांनी नि:संकोच सांगावं. बाईंना विश्रांती नको होती. त्यांना ते सदर हवं होतं. घर, नोकरीवाला नवरा, परगावची मुलगी या सगळ्यातून स्वतःच्या नावाने उभं केलेलं असं त्यांच्याकडे तेवढंच होतं.

त्यातून हा खेळ. याच्या पहिल्या भागाच्या परीक्षणाने तिचं नाव झालं होतं. समुद्राकाठचं ओस पडलेलं हॉटेल, त्यात हरवलेल्या बहिणीला शोधणारा नायक, आणि अंधारात फिरणारे ते 'पाहुणे'. नायकाच्या हातात शस्त्र नाही, काही नाही. लपायचं आणि पळायचं. आता दुसरा भाग आला होता, आणि कंपनीने नायकाच्या हातात बंदुकाच बंदुका दिल्या होत्या. बायकोचा निम्मा खेळ झाला होता. निम्मा राहिला होता.

"निम्म्यावर लिही ना," तपासनीस अपराधी आवाजात म्हणाले. "कुणाला कळणार आहे?"

"न चाखता मीठ सांगायचं? मला जमणार नाही," बायको म्हणाली. "अहो, बिजागरीला तेल तुम्ही घातलंत. आता माझे हात तुम्ही व्हा."

रविवारी सकाळी पडदे ओढून तपासनीस टीव्हीसमोर बसले. हातात ते बटणांचं यंत्र, शेजारी बायको, प्लास्टर उशीवर. पहिला तासभर नायक भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग तो चालू लागला, पण मान वर करून, छताकडे बघत. पहिला पाहुणा समोर आला तेव्हा तपासनीसांनी घाबरून चुकीचं बटण दाबलं आणि नायक त्याच्यासमोर उठाबशा काढू लागला. पाहुण्याने क्षणभर वाट पाहिली असावी. मग त्याने जे करायचं ते केलं.

हळूहळू हात बसला. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. तपासनीस गोळी झाडत नसत. वाटेत सापडलेली प्रत्येक गोळी ते उचलत आणि जपून ठेवत. बायको ओरडायची की झाडा, आणि ते म्हणायचे की पुढे लागतील. पिशव्या जपून ठेवणारं, दोरे गुंडाळून ठेवणारं घर ते, त्यांचा तरी काय दोष? दारूगोळ्याने खिसे फुगलेला नायक कपाटात लपून बसायचा आणि पाहुणे निघून जायची वाट पाहायचा.

बायको मधून मधून परीक्षणाचे मुद्दे बोलून दाखवत होती. खेळाच्या जमेच्या बाजूंबद्दल तिच्या मनात काडीचाही संशय नव्हता. पाण्यावरचा उजेड बघा, ती म्हणायची, तो भिंतीवर कसा हलतो. बंदूक उचलली की तिचं वजन हाताला जाणवतं. पाहुणा पडतो तोही माणसासारखा, आधी गुडघ्यावर. पण उणी बाजूही तितकीच ठसठशीत होती. एकदम दहा पाहुणे अंगावर येतात, त्यामुळे एकालाही घाबरायला सवड मिळत नाही. कथेला घाई झालेली आहे. आणि या वेळी नायकाबरोबर दिलेला सोबती तर निव्वळ डोकेदुखी. ऐन वेळी दारात उभा राहतो, आपण लपलो की मोठ्याने हाका मारतो, आणि मदत म्हणून जे करतो त्याने काम वाढतं.

हे ऐकताना तपासनीसांनी बायकोकडे तिरकं पाहिलं. ती टीव्हीकडे बघत होती. तिच्या मनात तसलं काही नसावं.

"भीती वाटायला हात रिकामे लागतात हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच उदास होता. "यांनी हात भरून टाकले. बिघडवला खेळ."

दुपार कलली तेव्हा नायक हॉटेलच्या तळमजल्यावरच्या लिफ्टपाशी पोचला. मागून पाहुण्यांचा लोंढा येत होता. सोबती आधीच लिफ्टमध्ये शिरून हाका मारत होता. बायको सरसावून बसली. हाच तो प्रसंग, ती म्हणाली, ज्याच्या जाहिराती सगळीकडे लागल्या आहेत. लिफ्ट वर चढते, पाहुणे दोरांवरून उतरतात, चहूकडून गोळीबार. शिरा लवकर.

तपासनीस शिरले नाहीत.

"अहो, शिरा ना."

"दार उघडं आहे आणि डबा हलतोय," तपासनीस म्हणाले. "दाराला कुलूपच नाही. दोराचे पदर सुटलेत. मी यात पाऊल ठेवणार नाही."

"ते चित्र आहे."

"चित्रातली असली तरी मी तिला परवानगी देणार नाही. चोवीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलोय. अशा लिफ्टमध्ये बसायचं नाही, जिना घ्यायचा."

बायकोने कपाळाला हात लावला, तोही नेमका प्लास्टरचा. तिने परोपरीने समजावलं. या खेळांत शंभरातली नव्वद दारं नुसती रंगवलेली असतात, ती उघडत नसतात. पुढची वाट फक्त लिफ्टमधून आहे. मागे पाहुणे आलेत. पण तपासनीस एकदा तपासणीच्या आवेशात आले की ते मंत्र्याचंही ऐकत नसत. (मंत्र्याचं एकदा ऐकलं नव्हतं, म्हणूनच तर बढती राहिली होती.) त्यांनी नायकाला वळवलं, लिफ्टच्या बाजूच्या कोनाड्यात एक साधं, कळकट दार होतं तिथवर नेलं, आणि बटण दाबलं.

दार उघडलं.

ते मागे बंद झालं तसा सगळा कोलाहल थांबला. संगीत थांबलं. लोंढा, गोळ्या, आरडाओरडा, काही नाही. समोर जिना होता, आणि नायकाच्या पावलांचा आवाज.

तपासनीसांना वाटलं, बायको चिडली. त्यांनी वळून पाहिलं तर ती तोंड किंचित उघडं ठेवून पडद्याकडे बघत होती.

ते चढू लागले. पहिल्या वळणावर एक ओला टॉवेल पडला होता, अजून ठिबकणारा. दुसऱ्या वळणावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची. त्याच्या पुढच्या वळणावर लहान मुलाचा एकच बूट. पाहुणा एकही नाही. कोणी अंगावर येत नव्हतं, आणि तपासनीसांना दर पायरीला वाटत होतं की आता येईल. खालून सोबत्याची हाक ऐकू आली. तो खालीच राहिला होता. आणखी थोडं चढल्यावर पुन्हा हाक आली. या वेळी ती वरून आली.

तपासनीसांची पाचावर धारण बसली. खिशात एका सैन्याला पुरतील एवढ्या गोळ्या होत्या, पण झाडायच्या कोणावर? बायकोचा डावा हात त्यांच्या खांद्यावर आला आणि घट्ट बसला. पाच वर्षं भुतांना चिरडणारी ही बाई, आणि तिचा हात गार पडला होता.

आणि तरीही तपासनीस थांबून थांबून बघत होते. कारण जिना बरोबर होता. सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या. कठडा वळणापाशी झिजलेला, माणसं जिथे हात टेकून वळतात तिथेच. चढून दमलेला माणूस ज्या मजल्यावर टेकतो तिथे पायरीची कड गुळगुळीत झालेली. हे कुणीतरी बसून केलं होतं. महिनेन् महिने केलं असणार. तेही सगळं जग लिफ्टने जाणार हे माहीत असताना.

"हे कुणी बांधलं असेल गं?" ते हळूच म्हणाले. एवढी वर्षं इमारती तपासल्या, पण कुठल्याही इमारतीसमोर त्यांना आपण इतके लहान असल्यासारखं वाटलं नव्हतं.

"माहीत नाही," बायको म्हणाली. "पण पहिला भाग ज्याने केला, तोच आहे. तो इथेच आहे."

वरचं दार गच्चीवर उघडलं. पहाट होत होती. गच्चीभर पाहुणे उभे होते, खाली बायकोने ज्यांना गोळ्या घातल्या तसलेच, शेकड्यांनी. सगळ्यांची पाठ नायकाकडे. सगळे समुद्राकडे बघत होते. कोणी वळलं नाही. त्यांच्यात मध्येच एक बाई होती, नायकाच्या बहिणीसारखे केस असलेली, आणि तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. तपासनीसांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी नायकाला त्या जागेत नेऊन उभं केलं आणि यंत्र मांडीवर ठेवलं. पडद्यावर ऊन आलं.

"मी याच्यावर अन्याय करणार होते," शेवटी बायको म्हणाली, आणि डाव्या हाताने डोळे पुसले.

सोमवारी तपासनीसांनी रजा काढली. बायको सांगत गेली, ते एका बोटाने टाइप करत गेले. तिने खेळाला माफ केलं नाही. दुसरा भाग आपल्या बंदुकांच्या आवाजात स्वतःलाच ऐकू येईनासा झाला आहे, असं तिने स्वच्छ लिहिलं. घाई, गर्दी, तो सोबती, सगळं लिहिलं. आणि मग लिहिलं की याच खेळाच्या पोटात एक जिना आहे, आणि तो ज्यांनी बांधला त्यांच्यापुढे ती हात जोडते. एवढी चांगली गोष्ट लपवून ठेवणं हा या खेळाचा सगळ्यात मोठा दोष, आणि ती लपवून का होईना पण ठेवणं हा सगळ्यात मोठा गुण. लिफ्टच्या दुरवस्थेबद्दल स्वतंत्र परिच्छेद असावा असा तपासनीसांनी आग्रह धरला. त्यांना अर्धं वाक्य मिळालं.

संपादकांचा फोन अंक निघाल्यावर आला. बायकोने तो मोठ्या आवाजावर ठेवला, तपासनीसांनाही ऐकू यावा म्हणून. संपादक म्हणाले की त्या भराभर बोटांच्या मुलालाही त्यांनी हाच खेळ दिला होता. त्याने तो एका दिवसात संपवला आणि त्याला जिना दिसलाच नाही. मग वाचकांचीही पत्रं आली, त्यांनाही दिसला नव्हता, आता सगळे परत खेळतायत. तेव्हा सदर बाईंचंच, तो विषय संपला. फक्त त्यांना एक विचारायचं होतं. हा जिना बाईंनी शोधला कसा?

"मी नाही शोधला," बायको म्हणाली. "आमच्या ह्यांनी. ते घाबरतात फार."

मग संपादक आदराने म्हणाले की असा माणूस त्यांना हवाच होता. त्यांच्या कचेरीत सगळे शूर, कुठल्या खेळाची भीती खरी हे कोणाला सांगताच येत नाही. साहेबांची तयारी असेल तर दर आठवड्याला परीक्षणातल्या ताऱ्यांच्या खाली भीतीचं एक माप छापू, पाचपैकी, साहेबांच्या नावाने.

तपासनीसांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव लिफ्टमधल्या तपासणीच्या पाटीबाहेर कुठेतरी लागणार होतं. त्यांनी आपल्या खात्यात सगळ्यांना सांगून ठेवलं, वरिष्ठांनासुद्धा, की पुढचा अंक जरूर घ्या.

पुढच्या अंकासाठी आला तो चार वर्षांच्या मुलांचा खेळ. भाजीचा मळा. गाजरं लावायची, पाणी घालायचं, गाजरं काढायची. बायकोने न्यायाने तारे दिले, चित्रांना चार, संगीताला तीन. त्याखाली, नव्या रकान्यात, तपासनीसांच्या पूर्ण नावासह आणि हुद्द्यासह छापून आलं: भीती, पाचपैकी साडेतीन.

तपासनीसांचं म्हणणं एवढंच आहे की ते बदक मागून आलं होतं.