खिरवडकर काकांचा नवा ईमेल

आमच्या गल्लीतल्या खिरवडकर काकांनी जुना ईमेल सोडला, तेव्हा त्याची नोटीस सरकारी हिंदीत हातानं लिहून बारा जणांना वाटली. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, नदीवरच्या ग्वारीघाटाच्या फुलवालीलासुद्धा. 'सर्वसाधारण को सूचित किया जाता है कि अधोहस्ताक्षरी ने पुराने ईमेल का प्रभार त्याग दिया है.' यातल्या कोणीही काकांना कधी ईमेल केला नव्हता. फुलवालीनं त्याच कागदात त्यांना झेंडू बांधून दिला.

काका फॅक्टरीत सुपरवायझर होते. तिथं चार्ज दिल्याघेतल्याशिवाय कोणी खुर्ची सोडत नसे. निवृत्तीनंतर ती सवय घरी आली. गॅसचं सिलिंडर बदललं तरी वहीत नोंद होते: 'जुने रिकामे, नवे भरलेले, वास नाही.' वर काकांची सही. खाली दुसरी सही काकूंची असायची. काकू गेल्या तेव्हापासून ती जागा कोरी आहे.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. बाबा सदर बाजारात ऑटो चालवतात. त्यामुळे गल्लीतले ऑनलाइन फॉर्म माझ्याकडेच येतात. मला सगळं येतं असं लोकांना वाटतं आणि 'येत नाही' म्हणायची मला लाज वाटते.

काकांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला ऑनलाइन भरायचा होता. जुन्या ईमेलचा पासवर्ड ते विसरले होते. तो ईमेल त्यांच्या मुलीनं, मंजूताईनं उघडून दिला होता आणि त्यात फोन नंबरही तिचाच होता. पूर्वी काका पासवर्ड विसरले की कोड हैदराबादला तिच्या फोनवर जायचा. ती लगेच फोन करून आकडे सांगायची आणि मग अर्धा तास बापाला रागवायची.

आता ते बंद होतं. काकू गेल्यावर मंजूताईनं त्यांच्या साड्या काकांना न विचारता घाटावर वाटून टाकल्या होत्या. काकांनी रिकामं कपाट पाहिलं आणि तिला म्हणाले, "या घरात पुन्हा पाय ठेवू नको." तिनं ठेवला नाही. दोन वर्षं झाली, फोनही नाही.

मी भीतभीत म्हटलं, "काका, ताईला एक फोन केला तर जुनाच ईमेल उघडेल."

"काहून? तिला काहून त्रास? नवा खोल. नियमानं चलो."

नवा ईमेल उघडायला काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मी लॅपटॉप उघडला तर म्हणाले, "थांब बेटा, वेळ लिहू दे. दहा वाजून वीस." नाव झालं, जन्मतारीख झाली. पासवर्ड सांगताना त्यांनी खिडकी बंद केली.

"आता तुमचा फोन नंबर, काका. कोड येईल."

त्यांनी दहा आकडे संथपणे सांगितले. मी टाकले. टेबलावरचा त्यांचा फोन गप्पच राहिला.

"आला नाही, काका. पुन्हा पाठवू?"

"थांब जरा," ते म्हणाले. हात मांडीवर ठेवून ते फोनकडे बघून राहिले होते.

मग फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, मंजू. तेव्हा मला कळलं की काकांनी नंबर कोणाचा सांगितला होता.

काका फोन नेहमी स्पीकरवरच घेतात. ताईनं हॅलो म्हटलं नाही. एकेक आकडा सुटा करून सहा आकडे सांगितले. मी ते काकांच्या वहीत लिहून घेतले.

"ऐकू नाही आलं," काका म्हणाले. "पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितले.

"इथं आवाज होऊन राहिला. पुन्हा एकदा."

घरात पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चौथ्या आकड्यावर अडकला. कसेबसे उरलेले दोन आले.

"लिहिलंत, बाबा?"

"लिहून राहिलो."

काकांनी फोन आणखी जवळ ओढला. फोन बंद झाला.

माझ्यासमोर सहा आकडे होते. लॅपटॉपवर कोडच्या मुदतीचं घड्याळ उलटं चालत होतं, अजून चार मिनिटं बाकी होती. मी वहीवर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, कोडची वेळ संपली वाटतं."

काकांनी चष्मा लावला, वाकून पडद्याकडं नीट पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "संपलीच. उद्या पुन्हा मागवू."