तळ्याच्या गावची सुट्टी

"यंदा थंडीच्या सुट्टीत आपण बाहेरगावी जायचं आणि घरीच राहायचं," वहिनींनी जाहीर केलं.

मास्तर बटाटे सोलत होते. ते शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळे एक माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो याबद्दल त्यांची खात्री होती.

"दोन्ही एकदम कसं जमायचं?"

"लोकांच्या लेखी बाहेरगावी, आपल्या लेखी घरी. आणि साल पातळ काढा, अर्धा बटाटा चाललाय सालात."

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको, पण अख्खी इमारत त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांच्या घरात साबणाच्या चिपा टाकून दिल्या जात नसत. त्या ओल्या करून एकावर एक दाबल्या जात आणि त्यांचा रंगीबेरंगी नवा साबण होई. अंडी उकडायची ती बटाट्यांच्याच पाण्यात. मोजे टाचेला फाटले की वरचा भाग कापून त्याच्या मनगटपट्ट्या व्हायच्या. ही सगळी ओढाताण एकाच गोष्टीसाठी होती, कपडे धुण्याच्या मशीनसाठी. थंडीत गार पाण्यात चादरी पिळून वहिनींच्या बोटांना भेगा पडत. भेगांत साबण गेला की डोळ्यांत पाणी येई, आणि ते त्या कुणाला दिसू देत नसत.

मागच्या वर्षी मशीन अगदी हाताशी आलं होतं. दुकानात जाऊन त्याचं झाकण दोनदा उघडून पाहूनही झालं होतं. तेवढ्यात मास्तरांची थोरली बहीण, म्हणजे वहिनींच्या वन्सं, नवरा आणि दोन पोरांसकट सुट्टीला आल्या. वहिनींनी हात आखडता घेतला नाही. रोज जेवणात काहीतरी गोड, दोन्ही खोल्यांत दिवसभर हीटर, पोरांना निघताना नवे स्वेटर. पाहुणे गेले आणि त्यांच्याबरोबर मशीनही गेलं.

"ताईला सरळ सांगू या ना, यंदा जमत नाही म्हणून," मास्तर म्हणाले.

"म्हणजे माझी शोभा! भावाच्या घरी ओढगस्त आहे असं त्यांच्या सासरी सगळीकडे होईल. ते काही नाही. आपण बाहेरगावी चाललोय."

खरी भीती सासूबाईंची होती, कारण टाळायचं होतं ते त्यांच्याच लेकीला. पण जुना स्वेटर उसवून नवा विणत बसलेल्या सासूबाईंनी सुईवरून नजरही हलवली नाही. "जावई माझ्या खाटेवर झोपतात आणि मी जमिनीवर," त्या म्हणाल्या. "मला चालेल बाहेरगाव."

फोन करायचं काम मास्तरांवर आलं. खोटं बोलायची त्यांना मुळीच सवय नव्हती, पण ऐन वेळी भूगोल मदतीला धावून आला. पाठ्यपुस्तकात एका तळ्याच्या गावाचा धडा होता आणि तो त्यांना तोंडपाठ होता. निळंशार तळं, काठाने उंच झाडं, होड्यांची रांग, पाण्यामुळे थंडीतही हवा सौम्य, लोकांचा मुख्य व्यवसाय मासेमारी. वहिनी समोरून हातवारे करून 'पुरे, पुरे' सांगत होत्या, पण मास्तरांचा तास रंगला होता.

"हो गं, घर रिकामंच राहणार," ते शेवटी म्हणाले. "घर काय, तुझंच आहे, ताई."

"शेवटचं वाक्य कशाला?" फोन ठेवल्यावर वहिनींनी विचारलं.

"तोंडदेखलं बोलावं लागतं."

दुसरा पराक्रम त्यांनी जिन्यात केला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, तुम्ही जाणार तर कुंड्यांना पाणी कोण घालणार? मास्तरांनी खिशातली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"किल्ली दिलीत?" वहिनींनी कपाळावर हात मारला.

"बाहेरगावी जाणारा माणूस कुंड्या वाऱ्यावर सोडतो का? त्यांना संशय आला असता."

आता पुढच्या दोन खोल्यांत राहणं शक्यच नव्हतं. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेलं न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला होतं, आणि तिकडे जायला मधे एकच दार होतं. वहिनींनी गाद्या, दुलया, सासूबाई आणि बटाट्यांचं पोतं आत घेतलं, खिडकीवर जाड दुलई टांगली आणि दाराला आतून कडी घातली.

खरं सांगायचं तर बेत छान जमला. शेगडीवर सूप रटरटत असे, त्यानेच खोली ऊबदार राही. दिवा एकच. चहाची पत्ती दोनदा उकळायची. काकू रोज सकाळी झारी घेऊन येत, कुंड्यांना पाणी घालत, मग सोफ्यावर बसून मास्तरांची मासिकं चाळत आणि टेबलावरून बोट फिरवून म्हणत, "केवढी ही धूळ!" दाराआड वहिनी मुठी आवळून उभ्या राहत. पण दाराच्या वर, आतल्या बाजूला बसवलेल्या वीजमीटरची चकती एखाद्या आजाऱ्यासारखी सावकाश फिरताना दिसली की त्यांचा राग निवळे. चकती अशीच लोळत राहिली तर सुट्टी संपता संपता मशीन घरात येणार होतं.

एका दुपारी पुढच्या दारात किल्ली फिरली. काकूंची वेळ नव्हती आणि पावलंही बरीच होती.

"हुश्श! घर कसं गारठलंय," वन्संचा आवाज आला. "अहो, हीटर लावा. दोन्ही खोल्यांतले लावा."

आत तिघांची पाचावर धारण बसली. मास्तरांच्या हातातला चमचा सुपात बुडाला.

"असं दुसऱ्याच्या घरी..." वन्संच्या नवऱ्याचा आवाज.

"दुसऱ्याचं कसं? बाब्या स्वतः म्हणाला, घर तुझंच आहे. वरच्या काकूंनीसुद्धा लगेच किल्ली दिली. आणि ते नसताना आलो की वहिनीला कामाचा त्राससुद्धा नाही. रिकामं घर असताना हॉटेलात पैसे कोण घालतं?"

वहिनींनी बाब्याकडे, म्हणजे मास्तरांकडे, नुसतं पाहिलं. मग त्यांची नजर मीटरकडे गेली. चकती गरगर फिरत होती. जिवाची तगमग म्हणजे काय ते वहिनींना त्या दुपारी कळलं. त्या स्टुलावर बसून चकतीकडे पाहत राहिल्या आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर मशीनचा एकेक भाग, आधी झाकण, मग बटणं, मग नळी, त्यांच्या डोळ्यांसमोरून नाहीसा होत गेला.

तेवढ्यात बाहेर वन्सं शिंकल्या. सासूबाई विणकाम टाकून उठल्या.

"पोरीला सर्दी झालीय," त्या कुजबुजल्या. "गरम पाणी तरी देऊ दे तिला."

"आई, आपण बाहेरगावी आहोत," मास्तरांनी त्यांना हाताला धरून बसवलं.

संध्याकाळी बाहेरून मधलं दार ढकललं गेलं, मग हलवलं गेलं.

"आतून कडी आहे वाटतं," जावई म्हणाले.

"काहीतरीच काय! बाहेर गेलेली माणसं आतून कडी कशी घालतील? दार अडकलंय. ओढा नीट."

दार काही उघडलं नाही, आणि न्हाणीघर तर दारापलीकडे. शेवटी चौघंही टॉवेल खांद्यावर टाकून वर काकूंकडे गेले. रात्री गेले, सकाळी गेले, पोरं मधेच आणखी दोनदा गेली. काकू मनाने मोठ्या, पण त्यांच्या गरम पाण्याची टाकी लहान होती. न्याहारीच्या सुमारास त्यांनी स्वतःच सुताराला बोलावून खाली पाठवलं.

सुताराने दार ठोकून पाहिलं, फटीला डोळा लावला आणि निकाल दिला. "हे असं निघायचं नाही. तोडावंच लागेल. चौकटही जाईल बरोबर. नवं दार, नवी चौकट, बिजागऱ्या, रंग, सगळं आलं."

"तोडा," वन्सं म्हणाल्या. "खर्चाचं बाब्या बघेल नंतर."

आत मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आतापर्यंत वहिनींनी सगळं सोसलं होतं. टेबलावरची धूळ सोसली होती, दोन हीटर सोसले होते. पण धडधाकट दार, तेही कडी काढली की उघडणारं, आपल्या डोळ्यांदेखत फोडलं जाणार? सुताराने हातोडा उगारला असेल नसेल, तोच कडी खाडकन निघाली.

"थांबा! चांगलं दार आहे ते!"

दारात वहिनी उभ्या होत्या. अंगात दोन स्वेटर, मनगटांवर मोज्यांच्या पट्ट्या, हातात डाव. त्यांच्या मागे कानटोपी घातलेले मास्तर आणि त्यांच्याही मागे, लोकरीच्या गुंड्यासकट, सासूबाई.

सगळ्यांत आधी सुतार सावरला. "उघडतंय की," तो म्हणाला. "आल्याचे पैसे मात्र द्यावे लागतील." ते जावईबापूंनी मुकाट्याने दिले आणि तो निघून गेला.

"आम्ही... आत्ताच परत आलो," मास्तर म्हणाले.

"कुठून? न्हाणीघराच्या खिडकीतून?"

"गेलोच नव्हतो गं," सासूबाई पुढे आल्या. "तुला सर्दी झालीय ना? ये, शेगडीजवळ बस."

वन्संचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आम्हाला टाळायला हे सगळं? माझ्या माहेरी? आई, तूसुद्धा?"

मास्तर तळ्याच्या गावच्या हवामानाबद्दल काहीतरी पुटपुटू लागले. वहिनींना एकाएकी या सगळ्याचा कंटाळा आला. त्यांनी डाव बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"कपडे धुवायचं मशीन घ्यायचंय, वन्सं. मागच्याच वर्षी येणार होतं."

"मग?"

"मग तुम्ही आलात आणि आपण सगळ्यांनी मिळून ते खाल्लं."

वन्संनी ते हात हातात घेऊन पाहिले. भेगांवरून अंगठा फिरवला.

"अगं, तोंड नाही का तुला?" त्या म्हणाल्या. "मला काय वाटायचं, तुमच्याकडे रोजच असं असतं. घरी गेल्यावर मी यांना टोमणे मारायची. बाब्या साधा मास्तर, तरी बघा कसा थाटात राहतो!"

"वर्षभर मारते," जावई मनापासून म्हणाले. एवढ्या कळकळीने बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

इतक्यात वन्संचा फोन वाजला. नाव पाहून त्यांचा लालबुंद चेहरा पांढराफटक पडला.

"माझे दीर," त्यांनी आवाज खाली आणला. "दर सुट्टीला बिऱ्हाडासकट आमच्याकडे येतात. यंदा मी त्यांना सांगितलंय, आम्ही भावाबरोबर तळ्याच्या गावी चाललोय."

मग वहिनी हसल्या. आधी तोंडावर हात ठेवून, आणि मग तो हातही काढून.

वन्संनी फोन घेतला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की सगळ्यांनाच ऐकू आला. "कुठे आहात तुम्ही? तुम्ही एवढं वर्णन केलंत म्हणून आम्हीही इकडेच आलो. तळं कुठंय?"

"कुठंय म्हणजे?"

"तळं नाहीच इथे! सिमेंटचा कारखाना आहे. गावातले लोक म्हणतात, तळं आटून जमाना झाला."

सगळे मास्तरांकडे वळले.

"पुस्तक जुनं आहे," मास्तर म्हणाले. "शाळाही काटकसर करते."

"आम्ही ना... दुसऱ्या बाजूला आहोत," वन्सं फोनमध्ये म्हणाल्या.

"कशाच्या दुसऱ्या बाजूला?"

"ऐकू येत नाही हं नीट," म्हणून वन्संनी फोन बंद केला आणि तशाच पुढच्या खोल्यांत जाऊन स्वतःच्या हाताने दोन्ही हीटर बंद करून आल्या.

उरलेली सुट्टी सगळ्यांनी स्वयंपाकघरात काढली. एकच दिवा, एकच शेगडी, एकाच पातेल्यात बटाटे आणि अंडी. वन्सं साबणाच्या चिपा जोडायला शिकल्या. पोरांनी सासूबाईंना आणखी एक स्वेटर उसवून दिला. सासूबाई आपल्या खाटेवर झोपल्या आणि जावई जमिनीवर. कुणाला काही दाखवायचं नव्हतं, काही झाकायचंही नव्हतं. इतकी मजेची सुट्टी आपल्या वाट्याला कधी आलीच नव्हती, असं वहिनी मास्तरांना म्हणाल्या. दारावरची चकती पुन्हा निवांत लोळू लागली. सुट्टी संपली आणि त्याच आठवड्यात मशीन आलं. वहिनींनी पहिल्यांदा त्यात चादरी घातल्या आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसून राहिल्या, अगदी शेवटपर्यंत.

पुढच्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा वहिनींचे हात मऊ होते. मशीन घरघरत असतानाच वन्संचा फोन आला. आवाज दबका होता.

"वहिनी, यंदा आम्ही तळ्याच्या गावी चाललोय."

"अगंबाई! कधी?"

"शाळेला सुट्टी लागली की लगेच. किल्ली शेजारणीकडे ठेवलीय. घर काय, तुझंच आहे. मधलं दार तीनदा वाजव म्हणजे आतून कडी काढते. आणि येताना बटाटे आण."

वहिनींनी फोन ठेवला आणि मास्तरांना हाक मारली. "अहो, बॅगा काढा. यंदा खरंच बाहेरगावी जायचंय."

मास्तरांचा चेहरा खुलला. "अरे वा! मग वरच्या काकूंना किल्ली देऊन येतो."

"खबरदार!" वहिनी म्हणाल्या, आणि कुंड्या एकेक करून पिशवीत भरू लागल्या.