पाना पाटावर

खंडेनवमीच्या सकाळी सुदेशने मुलीची सायकल गॅलरीत उलटी करून ठेवली, तेव्हा बिघाड एवढाच होता की डावं पेडल जरासं हलत होतं. सायकल बीएमएक्स, बसायला कमी आणि उड्या मारायला जास्त, अशातली. दुपारी कळव्याच्या मैदानात स्पर्धा होती आणि तिच्यासाठी अक्षदाने वर्षभर गुडघे फोडून घेतले होते.

"बाबा, दुकानात नेऊया ना. दोन मिनटांचं काम आहे."

"दोन मिनिटांच्या कामाला दुकान कशाला? कंपनीत एवढाल्या मशिनी सांभाळतो मी. तू फक्त सायकल धर."

सुदेश मानपाड्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता आणि घरातल्या कुठल्याही वस्तूला स्क्रू दिसला की त्याला राहवत नसे. मागे त्याने मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून त्याची आई विमलाबाई पाट्यावर चटणी वाटत होती. आता त्याने पाना लावला आणि पेडल आवळायला घेतलं. ते सैल झालं. त्याने जोर लावला, ते आणखी सैल झालं.

"बाबा, डावं आहे ते. डाव्याला..."

"मला डावं-उजवं शिकवू नकोस. आटेच गेलेत याचे."

पेडल शेवटी हातातच आलं. आटे पुसायला चिंधी शोधत सुदेश आत गेला आणि तिथेच घात झाला. विमलाबाई सकाळपासून हत्यारांसाठी खोळंबली होती. तिने गॅलरीतली सगळी उचलली, धुतली, पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. झेंडूच्या फुलांत पाना मधोमध.

"आई, पाना दे. पेडल बसवायचंय."

"आता उद्या. वर्षातनं एक दिस हत्यारं आराम करत्यात. तुझ्या आजानं आज विळ्याला हात लावला नव्हता कधी."

"अगं, पोरीची स्पर्धा आहे."

"मग पूजेच्या आधी उरकायचं."

कारखान्यात दहा माणसांवर ओरडणारा सुदेश चपला घालून शेजाऱ्यांकडे पाना मागायला बाहेर पडला. बिल्डिंगभर तीच तऱ्हा. दार उघडावं तर समोर पाटावर पक्कड-हातोडी फुलं लेवून बसलेली. उरला शेजारचा श्रीपाद. त्याने सुदेशचाच मोठा पाना कधीकाळी नेलेला, तो परत केलाच नव्हता.

"हा काय तुझा," श्रीपादने कौतुकाने पाट दाखवला. "सगळ्यात मोठा ना, म्हणून मधे ठेवलाय."

"मला तो आत्ता हवाय रे."

"आत्ता कसा उचलू? उद्या ये ना, सोनं पण देतो."

सायकलवाल्याने पेढा दिला, पाना दिला नाही.

सुदेश परतला तेव्हा अक्षदा सायकलपाशी बसली होती. "हाताने बसेल तेवढं बसवलंय मी. पण असंच खेळले तर उडीत निखळेल." ती रडत नव्हती. रडली असती तर समजूत तरी काढता आली असती. सुदेशला स्वतःचाच राग आला.

विमलाबाईने नातीचं तोंड पाहिलं. मग देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"हत्यार पाटावरनं उठायचं नाही," ती म्हणाली. "पण सायकल पाटापाशी यायला कुणाची ना आहे? तीबी वाहनच. आण, कुंकू लावते तिला."

हँडलला झेंडूची माळ चढली. सुदेशने पान्याची शेपटी पाटाला टेकवली आणि तोंड पेडलच्या आसावर बसवून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पाना जागचा हलणार नाही, याकडे विमलाबाईचं लक्ष होतं. अक्षदाने पेडल ज्यात बसतं तो क्रँकचा दांडा मागच्या दिशेने दाबला.

"अगं, उलटं फिरवतेस."

"तुम्ही फक्त पाना धरा, बाबा."

पेडल आवळत गेलं आणि गच्च बसलं.

"देवीची कृपा," विमलाबाईने हात जोडले.

"डाव्या पेडलला उलटे आटे असतात," अक्षदा म्हणाली. "सकाळपासून तेच सांगतेय." सुदेश पान्यावरचं कुंकू नीट करत राहिला.

कळव्याला ती तिसरी आली. पेडल तसूभर हललं नाही. येताना सुदेशने दोन ओळखीच्यांना गाठून सांगितलं, की बसवलं घरीच, दुकानात काही नेलं नव्हतं.

दसऱ्याला विमलाबाईने हत्यारांची उत्तरपूजा केली आणि एकेक ज्याचं त्याला द्यायला घेतलं. विळी स्वयंपाकघरात गेली. मग तिने पाना उचलला. सुदेशने सवयीने हात पुढे केला, तर तो हात ओलांडून पाना अक्षदाच्या हातात गेला.

"आणि मी काय करू?" सुदेशने विचारलं.

"तू?" विमलाबाईने झेंडूची फुलं गोळा करता करता म्हटलं, "तू फक्त सायकल धर."