सासऱ्यांचा कप आणि तेरा टक्के

सासऱ्यांचा कप घासायला घेताना योहेइच्या मनात काडीचंही पाप नव्हतं. उलट त्याला पुण्य कमवायचं होतं.

त्याच सकाळी सासरे, म्हणजे तोराजी कागेहिरा, पांढरे कपडे, गवती टोपी, हातात काठी अशा थाटात यात्रेला निघाले होते. शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळं, पायी, बाराशे किलोमीटर. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी यात्रेचंसुद्धा वेळापत्रक करून स्वयंपाकघरात चिकटवलं होतं. पंचेचाळिसाव्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी : घर.

ते दारात बूट घालत असताना योहेइने धीर केला. "बाबा, ते पाटीचं जरा..."

"आल्यावर बघू," सासरे म्हणाले आणि निघाले.

पाटी म्हणजे दारावरची नावाची पाटी. योहेइ घरजावई होता. तोही साधासुधा नाही, रीतसर दत्तक घेतलेला. लग्नात स्वतःचं आडनाव सोडून त्याने कागेहिरा लावलं होतं. बँकेत तो कागेहिरा होता, दवाखान्यात कागेहिरा होता, नट-बोल्टच्या ज्या कारखान्यात तो तपासनीस होता तिथेही आता कागेहिराच होता. फक्त कागेहिरांच्या दारावर नव्हता. पाटीवर तीन नावं होती. तोराजी, सासूबाई फुसाए, बायको चिझुरू. खाली एका नावाची जागा गेली तीन वर्षं मोकळी. पोस्टमन अजून विचारायचा, "पाहुणे का?"

तर, आल्यावर बघू म्हणालेत ना, मग आल्यावर त्यांना खूश करून सोडायचं, असं योहेइने ठरवलं आणि त्याची नजर कपावर गेली.

कप जोडीतला होता. नवऱ्याचा मोठा, बायकोचा लहान, दोन्ही एकाच मातीचे. लग्न झाल्यावर सासू-सासरे शिगाराकीला, कुंभारांच्या गावी, गेले होते, तिथून आणलेले. सासऱ्यांच्या कपाला एका बाजूला खळगा होता, बरोबर त्यांच्या अंगठ्याच्या मापाचा. रोज सकाळी ते त्यात अंगठा टेकवून बसायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "चहा." सासूबाई उठायच्या. कप रिकामा झाला की परत "चहा." सासूबाई परत उठायच्या. चाळीस वर्षं.

चाळीस वर्षांच्या चहाने कप आतून काळाकुट्ट झाला होता. योहेइला तो मळ वाटला. त्याने घासणी घेतली, पावडर घेतली, बाह्या वर सारल्या. आतून पांढरा ठिपका दिसायला लागला तसा त्याला आणखी जोर चढला. आणि मग कप साबणाच्या हातातून सटकला.

"मेलो!" योहेइ म्हणाला.

तीन तुकडे. चिझुरू धावत आली.

"काय झालं?"

"बाबांचा कप..."

तिने तुकडे पाहिले. मग एक तुकडा उचलून आतून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. "योहेइ, तू हा घासलास?"

"अगं, फुटलाय तो!"

"फुटला ते नंतर बघू. घासलास? बाबांनी तो डाग चाळीस वर्षं जपलाय रे! आईला नुसतं पाण्याने खळबळायची परवानगी आहे!"

"मला कोणी सांगितलंच नाही!"

"असलं काय सांगायचं असतं?"

"जोडता येईल. सोन्याने जोडतात ना?"

"हो, म्हणजे बाबा आले की सोन्याच्या रेघा दाखवून सांग, बघा बघा, इथे फुटला होता."

सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. त्या आत आल्या तेव्हा तुकडे रुमालात होते, रुमाल योहेइच्या खिशात होता, आणि फळीवर कपाच्या जागी एक रिकामा डबा, वरून स्वच्छ फडकं.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"धूळ बसू नये म्हणून, आई."

"किती रे जीव तुझा त्यांच्यावर," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या.

संध्याकाळी बरोबर सात वाजता फोन वाजला. सासूबाईंनी दोन शब्द बोलून रिसीव्हर योहेइच्या हातात दिला. "तुलाच दे म्हणाले."

"योहेइराव, कप कसा आहे?"

"आहे ना बाबा. जागेवर आहे."

"कोणी घासू नका."

"छे छे! कोण घासतंय?"

रोज सात वाजता हाच प्रश्न आणि हेच उत्तर. चौथ्या दिवशी योहेइला जेवण जाईना. पाचव्या दिवशी रविवार होता. नवरा-बायको शिगाराकीला निघाले. सासूबाईंना सांगितलं, सहज फिरायला. सासूबाईंनी न विचारता सोबत भाताचे गोळे बांधून दिले. "मातीत हात घालणार असाल तर जुने कपडे घाला," त्या म्हणाल्या. फिरायला जाताना मातीचं काय, हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही.

शिगाराकीत उतरल्यावर पहिल्या दहा पावलांतच योहेइ थबकला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानादुकानापुढे, मातीचे तानुकी, म्हणजे कोल्ह्यासारख्या गुबगुबीत प्राण्याचे पुतळे, उभे होते. सुटलेलं पोट, वटारलेले डोळे आणि डोक्यावर गवती टोपी.

"चिझुरू, हे सगळे बाबा आहेत."

"गप चल."

"बघ ना कसे बघतायत."

जुन्या कपासारखा कप विकत मिळेल ही आशा चौथ्या दुकानात मावळली. असा खळगेवाला कप आता कोणी करत नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटच्या दुकानदाराने मात्र बोट दाखवलं. "तिकडे उकिता बाई चाक शिकवतात. तुमचा तुम्हीच करा की. पहिल्यांदा येणाऱ्यांनाही जमतं. थोडंफार."

उकिता बाई सत्तरीच्या, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. योहेइने खरं ते सगळं सांगून टाकलं. बाईंनी तुकडे जुळवून पाहिले, खळग्यात स्वतःचा अंगठा घालून पाहिला.

"सासऱ्यांचं वय?"

"एकाहत्तर."

"तापट?"

"वक्तशीर."

"मग तर अवघड आहे," बाई म्हणाल्या. "भट्टी महिनाअखेरीला लागते. झिलई, भाजणं, थंड होणं, सगळं धरून चाळीस दिवस."

योहेइने बोटांवर हिशेब केला. आज पाचवा दिवस. पाच अधिक चाळीस. बरोबर पंचेचाळीस! तरी त्याने मान डोलावली.

"आणि हे ध्यानात ठेवा," बाई म्हणाल्या, "माती भाजली की आक्रसते. तेरा टक्के. करताना मोठा करायचा."

हे ऐकून योहेइ खुलला. टक्केवारी म्हणजे त्याच्या घरचं काम. त्याने खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. हा माणूस देवळात जातानाही व्हर्नियर नेतो. जुना कप नऊ सेंटीमीटर. म्हणजे कच्चा हवा दहा पूर्णांक चौतीस.

"दहा पॉइंट चौतीस," तो बाईंना म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "आधी हात ओले करा."

मातीचा ढीग चाकावर फिरायला लागला. बाईंनी हात लावला की तो शहाण्यासारखा मधोमध उभा राहायचा. योहेइने हात लावला की दारू प्यायल्यासारखा डुलायचा. पहिला कप बारा सेंटीमीटरपर्यंत चढला आणि एकदम माफी मागितल्यासारखा वाकला. बाईंनी दोऱ्याने कापून बाजूला टाकला. दुसऱ्याचा काठ फुलासारखा उघडला आणि त्याची थाळी झाली. तिसरा उडून योहेइच्या चष्म्यावर आला.

"सॉरी, सॉरी," योहेइ मातीला म्हणाला.

शेजारच्या चाकावर चिझुरूने गप्पा मारता मारता एक देखणा वाडगा काढला होता.

"तू कसा काढलास?"

"काय माहीत. हात ठेवला, झाला. लोणच्याला बरा आहे."

चौथा कप वरून फाटला. पाचवा चांगला उभा होता, पण योहेइ व्हर्नियर लावायला गेला आणि व्हर्नियर आरपार गेला.

"अहो, ते अवजार ठेवा की जरा," बाई म्हणाल्या. "मातीला धाक वाटतो."

तास संपत आला. ढिगातली शेवटची माती उरली होती. योहेइने डोळे मिटले. समोरच्या खिडकीतून एक तानुकी टोपीखालून बघत होता. योहेइने श्वास रोखला, बोटं आत घातली, हळूच वर ओढली. डोळे उघडले तर चाकावर कप उभा. खरंच उभा. डुलत नव्हता, वाकत नव्हता. त्याने अंगठा टेकवून खळगा केला. तरी उभा!

त्याने व्हर्नियर नुसता जवळ धरला. आणि ओरडला, "नऊ! चिझुरू, बरोबर नऊ! जुन्या कपाएवढा! एका केसाचाही फरक नाही!"

"अरे वा!" चिझुरू टाळ्या वाजवायला लागली.

उकिता बाईंनी तोंड उघडलं. मग समोरच्या माणसाकडे पाहिलं. नाकावर माती, चष्म्यावर माती, डोळ्यांत पाणी. आयुष्यातला पहिला कप हातात आलेल्या माणसांना वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या त्या. त्यांनी तोंड मिटलं.

"भाजायचा ना हाच?" त्यांनी एवढंच विचारलं.

"हाच!"

"नक्की?"

"शंभर टक्के!"

तेरा टक्के कुठल्या कुठे गेले होते.

घरी येईपर्यंत योहेइ गाडीत शीळ घालत होता. एकोणचाळीस दिवस त्याने फोनवर "जागेवर आहे, बाबा" इतक्या आनंदाने सांगितलं की सासऱ्यांनाच संशय यायला लागला.

पंचेचाळिसावा दिवस उजाडला. पार्सल सकाळी येणार होतं, सासरे तीन दहाला. योहेइने रजा टाकली आणि तो अकरापासून फाटकाकडे कान लावून बसला. बारा वाजले. दोन वाजले. तीन वाजून दहा मिनिटांनी फाटक वाजलं आणि तो धावत बाहेर आला.

फाटकात सासरे उभे होते. काळवंडलेले, वाळलेले, डोक्यावर तीच टोपी. पलीकडे पार्सलवाल्याची गाडी वळत होती. आणि सासऱ्यांच्या हातात खोकं होतं.

"कागेहिरांच्या नावाने आलंय," सासरे म्हणाले.

"बाबा, ते माझं..."

"कागेहिरा म्हणजे मीच ना?" त्यांनी पाटीकडे हात केला. पाटीवर योहेइचा पुरावा नव्हता.

माजघरात सगळे बसले. सासऱ्यांनी सुतळी सोडली. वर चिठ्ठी होती. ती त्यांनी स्टेशनवर सूचना द्याव्यात तशी मोठ्याने वाचली.

"आपण घडवलेला कप पाठवत आहे. पहिल्याच प्रयत्नाच्या मानाने उत्तम. घडवताना आपण मातीची सहा वेळा माफी मागितलीत, हे माझ्या कायम लक्षात राहील. सासरेबुवांच्या काही लक्षात येणार नाही अशी आशा करते. उकिता."



योहेइने चटईवर कपाळ टेकवलं. "बाबा, मी फोडला. पहिल्याच दिवशी. आधी घासला आणि मग फोडला."

"घासला?" सासऱ्यांचा आवाज चिरकला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" चिझुरू पुटपुटली.

सासूबाई शांतपणे उठल्या. फळीवरचं फडकं काढून त्यांनी डबा बाजूला ठेवला. "मला पहिल्या दिवसापासून माहितीये," त्या म्हणाल्या. "इतक्या मोठ्याने 'मेलो' म्हणतं का कोणी? आणि काय रे, डबा ठेवायचा तर निदान कपाएवढा ठेवायचास." त्यांनी स्वतःचा कप काढला, नवा कप विसळला आणि दोन्ही सासऱ्यांपुढे शेजारी शेजारी ठेवले.

सगळे बघत राहिले. योहेइचा हात आपसूक खिशात गेला आणि तसाच थांबला. मोजायची गरजच नव्हती. नवऱ्याचा कप बायकोच्या कपापेक्षा लहान होता.

"तेरा टक्के," तो क्षीण आवाजात म्हणाला.

सासऱ्यांनी एकदा या कपाकडे पाहिलं, एकदा त्या. "फुसाए, तुझा कप वाढला का गं?"

"पंचेचाळीस दिवस निवांत चहा प्यायले मी. वाढला असेल."

त्यांनी चहा ओतला. सासऱ्यांनी नवा कप उचलला. अंगठा सवयीने खळगा शोधत गेला आणि बसला. जरा अडचणीत, पण बसला. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि कप संपला.

"चहा," ते म्हणाले.

सासूबाईंनी ओतला. दोन घोटांत संपला.

"चहा."

सासूबाईंचा मोठा कप अजून अर्धासुद्धा झाला नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. "किटली तिथे आहे," त्या म्हणाल्या. "बाराशे किलोमीटर चालून आलात, चार पावलं आणखी चाला की."

योहेइचं कपाळ पुन्हा चटईला लागलं.

सासरे उठले. गुडघे कटकट वाजले. चार पावलं गेले, किटली आणली, आपल्या कपात ओतलं आणि जरा थांबून बायकोच्याही कपात ओतलं. मग खाली बसून कपात डोकावले. आतून तो कोराकरकरीत पांढरा होता.

"डाग पडायला चाळीस वर्षं लागतील याला," ते म्हणाले.

"मी आहे ना बाबा," योहेइ खाली बघतच म्हणाला. "घासणार नाही."

सासऱ्यांनी हुं केलं. ते होकाराचं होतं की नकाराचं, कोणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी योहेइ कामावरून आला तेव्हा दारावर नवी पाटी होती. सासऱ्यांनी स्वतः ब्रशने लिहिलेली. तोराजी, फुसाए, चिझुरू आणि खाली योहेइ. तो किती तरी वेळ नुसता बघत उभा राहिला. मग काहीतरी खटकलं म्हणून इकडेतिकडे पाहून त्याने हळूच व्हर्नियर काढला आणि चारही नावांना लावून पाहिला.

त्याचं नाव बाकीच्यांपेक्षा लहान होतं. बरोबर तेरा टक्क्यांनी.