क्लिफर्ड दमला

गुरुवारी सकाळी खाटकाच्या दुकानात क्लिफर्ड चुकून खरं बोलून गेला. खाटकाने रोजच्यासारखं "कसा आहेस?" विचारलं आणि हा म्हणाला, "टायर्ड. पार दमलोय बघ."

दमणारच. शनिवारी गावात लीकचं प्रदर्शन होतं. लीक म्हणजे कांद्याचा धिप्पाड चुलतभाऊ, पण इंग्लंडच्या या उत्तर कोपऱ्यात माणसं त्याला पोटच्या पोरापेक्षा जपतात. स्पर्धेच्या तोंडावर दुसऱ्याचे लीक गुपचूप सुरीने चिरून ठेवायचे, ही इथली जुनी रीत. म्हणून अकरा वर्षं ओळीने दुसरा आलेला क्लिफर्ड तीन आठवडे वाफ्याशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसला होता. यंदा त्याचे लीक चांगले दंडाएवढे झाले होते. पहिला नंबर हातात आल्यासारखाच होता.

घोटाळा एवढाच, की या गावात कुणी दमत नाही. खाणीत तंगडी मोडलेला माणूससुद्धा "तसं बरं आहे" म्हणतो. टायर्ड हा शब्द आजवर एकट्या म्हाताऱ्या ह्यूबर्टने वापरला होता, तोही मंगळवारी. शुक्रवारी त्याला पुरला.

दुपारपर्यंत गावभर झालं. बायकोने, म्युरिएलने, एक शब्द न ऐकता क्लिफर्डला अंथरुणात कोंबलं. शेजारणी केक ठेवून गेल्या. पाद्रीबाबा आले आणि तुला कोणती भजनं आवडतात, असं अगदी सहज विचारून गेले. मला काही झालेलं नाही, असं क्लिफर्ड सांगत राहिला. ह्यूबर्टही हेच सांगत होता, असं म्युरिएल म्हणाली. शेवटी गादी मऊ होती, तीन आठवड्यांची झोप साठलेली होती, आणि गडी जो झोपला तो शुक्रवारी संध्याकाळीच उठला.

उशाशी आर्ची बसला होता, हातात सुपाचं पातेलं घेऊन. अकरा वर्षं पहिला येणारा तो हाच. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. क्लिफर्डला भूक सडकून लागली होती. दोन वाडगे त्याने गटागटा संपवले. इतकं गोड लीकचं सूप तो जन्मात प्यायला नव्हता.

"लीक कुठले रे?" त्याने विचारलं.

"तुझेच," आर्ची नाक पुसत म्हणाला. "म्हटलं, शनिवार तुला दिसतो का नाही कुणास ठाऊक, निदान चव तरी बघशील. माझेच घालणार होतो, पण ते उद्या लागणारेत ना."

क्लिफर्डने रिकामा वाडगा हळूच उशाशी ठेवला.

"आता कसं वाटतंय?" आर्चीने मायेने विचारलं.

"तसं बरं आहे," क्लिफर्ड म्हणाला.