भालेरावकाकांची सही

भालेरावकाकांनी मला पहिल्यांदा चहाला बोलावलं ते लेखी. तास चालू असताना बाकावरून एक चिठ्ठी सरकत आली. 'विषय : चहा घेणेबाबत. तास संपल्यावर कँटीनमध्ये जाणे उचित वाटते. मान्यतेस्तव सादर.' खाली झोकदार सही आणि तारीख. मी 'मान्य' लिहून चिठ्ठी परत केली, तर खाली सही नाही म्हणून ती पुन्हा माझ्याकडे आली.

आम्ही विद्यापीठात लोकप्रशासनात एम.ए. करत होतो. मी तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा प्रवेश हुकला म्हणून आलेली. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन, खडकीहून रोज हौसेने सायकलवर येणारे. वर्गातली निम्मी मुलं आयटीत कुठे चिकटता येतंय का ते बघत होती. त्यातल्या एकाने काकांना विचारलं, सगळं खाजगी होत चाललंय, आता प्रशासन शिकून करणार काय? काका म्हणाले, "आपली शंका नोंदवून घेतली आहे."

सर नोकरशाहीचा सिद्धांत शिकवू लागले की काकांची चुळबुळ सुरू व्हायची. फाईल टप्प्याटप्प्याने खाली येते, असं सर एकदा म्हणाले. काकांचा हात वर. "येत नाही सर, आणावी लागते." सर वैतागत, आणि तास संपला की जिन्यात गाठून आपल्या बढतीच्या फाईलचं काय करू, ते काकांनाच विचारत.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मात्र घोळ झाला. उत्तरपत्रिकेत नाव किंवा खूण करायची नसते. काकांनी प्रत्येक उत्तराखाली सही ठोकली. मजकूर संपला की सही, हे चाळीस वर्षांचं वळण हाताला. ओळख उघड केल्याचा ठपका आला आणि चौकशी समितीपुढे हजर राहण्याचं पत्र. पेपर रद्द झाला तर वर्ष बुडणार होतं. पत्र वाचून काका म्हणाले, "जावक क्रमांक टाकलेला नाही." मग पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि चहा न घेताच घरी निघाले. ते बघून मीच घाबरले आणि सोबत गेले. मी त्यांची मुलगी असेन असं वाटून मलाही आत बसू दिलं.

समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या. उत्तरपत्रिका पुढे धरून त्या म्हणाल्या, "भालेराव, प्रत्येक सहीखाली हे काय लिहिलंय? 'सुमन भालेराव यांचेकरिता'. या कोण?"

कचेरीत साहेब जागेवर नसले की हाताखालचा माणूस त्यांच्याकरिता सही करतो, एवढं काकांच्या संगतीत मलाही कळलं होतं.

"माझी पत्नी," काका म्हणाले. "हा एम.ए. तिचा. लग्नाच्या वर्षी तिने प्रवेश घेतला होता, मी सोडायला लावला. घर कोण बघणार म्हणून. आता ती मोकळी झाली, तर डोळे गेले. संध्याकाळी मी वाचून दाखवतो, ती उत्तरं जुळवते, मी पाठ करतो. चुकलो बाई, पण नुसती माझी सही करवेना."

बाईंनी उत्तरपत्रिका मिटली. मग त्यांनी 'समज द्यावी, पेपर ग्राह्य' असा शेरा लिहिला. "पुढल्या वर्षी सुमनताईंना स्वतःच फॉर्म भरू द्या," त्या म्हणाल्या. "दिसत नसेल तर परीक्षेला लेखनिक मिळतो. तसा नियम आहे."

सगळे नियम कोळून प्यालेल्या काकांना नेमका हाच ठाऊक नव्हता. बाहेर आल्यावर त्यांना सायकलच्या कुलपात किल्ली घालता येईना, डोळे भरून वाहत होते. मी कुलूप काढून दिलं. मला न विचारता, न सांगता ते निघाले. साठीचा माणूस पायडलवर उभा राहून खडकीकडे सायकल हाणताना मी त्या दिवशी पाहिला.